घटक ४ : गुन्हेगारीतील लिंगभाव-भेद आणि त्याचे सामाजिक परिणाम

४.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपल्याला :

- लिंग, लिंगभाव आणि गुन्हा या संकल्पनांचा परस्परसंबंध सांगता येईल.
- स्त्री-पुरुषांच्या गुन्हेगारीचे प्रमाण आणि स्वरूप यांतील फरक आकडेवारीच्या आधारे स्पष्ट करता येईल.
- या फरकाची कारणमीमांसा करणाऱ्या प्रमुख सिद्धांतांचे मूल्यमापन करता येईल.
- या फरकाचे कुटुंब, न्यायव्यवस्था आणि समाज यांवर होणारे परिणाम विशद करता येतील.

४.१ प्रास्ताविक

इ. स. १८८१ मध्ये सुरत येथील न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेवर खटला चालला. वैधव्यात झालेल्या अपत्याची हत्या केल्याचा आरोप तिच्यावर होता. न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सुनावली. पुढे अपिलात ती शिक्षा सौम्य होऊन काळ्या पाण्याची झाली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवर झोड उठली. त्या टीकेला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले. जे दोष केवळ स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांच्या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न होता.

ताराबाईंनी ‘गुन्हेगारीशास्त्र’ हा शब्द वापरला नव्हता. तरीही या शास्त्रातील एका मूलभूत मुद्द्यावर त्यांनी नेमके बोट ठेवले. सुरतच्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी स्त्री उभी होती. त्या अपत्याचा पिता तेथे नव्हता. विधवेला पुनर्विवाहापासून रोखणारी रूढी, गर्भ राहिल्यावर तिला घराबाहेर काढणारे नातलग, तिच्या बदनामीची वाट पाहणारा समाज यांपैकी कोणावरही दोषारोप ठेवला गेला नाही. पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ मध्येच मान्यता दिली होती. परंतु समाजाने ती दिलेली नव्हती. म्हणजे गुन्हा एका व्यक्तीच्या हातून घडला, पण त्या गुन्ह्याची वाट स्त्रीसाठी वेगळी आणि पुरुषासाठी वेगळी आखलेली होती.

ही वाट कशी आखली जाते आणि तिचे समाजावर काय परिणाम होतात, हे आपण या घटकात पाहणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ लिंग, लिंगभाव आणि गुन्हा

‘लिंग’ ही जीवशास्त्रीय संकल्पना आहे. ‘लिंगभाव’ ही सामाजिक संकल्पना आहे. स्त्रीने कसे वागावे, पुरुषाने कसे वागावे, कोणी घराबाहेर किती वेळ राहावे, कोणी राग व्यक्त करावा आणि कोणी तो गिळावा, यासंबंधी समाजाने घालून दिलेले संकेत म्हणजे लिंगभाव होय. हे संकेत काळानुसार, प्रदेशानुसार, जातीनुसार आणि वर्गानुसार बदलतात.

‘गुन्हा’ म्हणजे प्रचलित कायद्याने शिक्षापात्र ठरविलेले कृत्य किंवा अकृती. ही व्याख्याही स्थिर नाही. पतीने पत्नीचा छळ करणे ही गोष्ट दीर्घकाळ ‘घरातील बाब’ मानली गेली. भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ समाविष्ट होऊन १९८३ मध्ये तो स्वतंत्र गुन्हा ठरला. याउलट व्यभिचाराचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविले. या कलमाखाली केवळ पुरुषाला शिक्षा होत असे. वरवर पाहता ही स्त्रीला दिलेली सवलत वाटते. परंतु पतीच्या संमतीने घडलेला संबंध या कलमानुसार गुन्हा ठरत नव्हता, ही बाब लक्षात घेतली म्हणजे पत्नीला पतीची मालमत्ता समजणारी दृष्टी त्यामागे होती हे ध्यानात येते. तात्पर्य, कोणते कृत्य गुन्हा मानायचे, हे ठरवितानाच लिंगभावाचा प्रभाव पडत असतो.

४.२.२ आकडेवारी काय सांगते?

गुन्हेगारीत पुरुषांचे प्रमाण स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक असते, हा गुन्हेगारीशास्त्रातील सर्वाधिक स्थिर निष्कर्षांपैकी एक आहे. देश, काळ आणि शासनपद्धती बदलली तरी या निष्कर्षाची दिशा बदलत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (स्थापना १९८६) अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातील तुरुंगांत एकूण ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ५,४९,३५१ पुरुष, २३,७७२ स्त्रिया आणि ९७ तृतीयपंथी व्यक्ती होत्या. म्हणजे दर शंभर बंद्यांमागे साधारणतः चारच स्त्रिया होत्या. जागतिक पातळीवर हे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास आहे.

हत्येच्या गुन्ह्यात हा फरक अधिक ठळक होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अभ्यासानुसार हत्येतील संशयितांपैकी ९० टक्क्यांहून अधिक पुरुष असतात. त्याच अभ्यासात आणखी एक महत्त्वाची बाब आढळते : २०१७ मध्ये हत्येला बळी पडलेल्यांपैकीही ८१ टक्के पुरुषच होते. पुरुषी हिंसेचा सर्वांत मोठा बळी पुरुषच ठरतो, हे वास्तव सार्वजनिक चर्चेत क्वचितच मांडले जाते. मात्र जोडीदाराकडून किंवा कुटुंबीयांकडून झालेल्या हत्यांपुरता विचार केला तर चित्र उलटते. तेथे बळींमध्ये ६४ टक्के स्त्रिया होत्या. पुरुषाला धोका प्रामुख्याने घराबाहेर आहे, तर स्त्रीला तो घराच्या आत आहे, असा याचा अर्थ होतो.

भारतातील नोंदी याला पुष्टी देतात. २०२२ मध्ये देशात स्त्रियांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदविले गेले. त्यांतील सर्वांत मोठा वर्ग, म्हणजे ३१.४ टक्के गुन्हे, पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेचे होते.

*आकडेवारी वाचताना घ्यावयाची काळजी* : गुन्ह्यांची आकडेवारी ही घडलेल्या गुन्ह्यांची नसून नोंदविलेल्या गुन्ह्यांची असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली होती. ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नव्हती आणि कोणाजवळ त्याची वाच्यताही केली नव्हती. म्हणून एखाद्या जिल्ह्यात नोंदी वाढल्या तर तेथे हिंसा वाढली असा निष्कर्ष लगेच काढू नये. तक्रार करण्याचे धैर्य आणि ती नोंदवून घेणारी यंत्रणा वाढली, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

४.२.३ फरकाची कारणमीमांसा

*(अ) जीवशास्त्रीय दृष्टिकोन.* इटलीतील चेझारे लोम्ब्रोझो याने ग्युल्येल्मो फेरेरो याच्या सहकार्याने १८९३ मध्ये स्त्री-गुन्हेगारीवर ग्रंथ लिहिला. स्त्री ही उत्क्रांतीच्या दृष्टीने कमी विकसित आहे. म्हणून ती सहसा गुन्हा करीत नाही. परंतु केलाच तर ती पुरुषाहून अधिक क्रूर ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांची पद्धती आज सर्वस्वी त्याज्य मानली जाते. परंतु त्यांच्या मताचा अवशेष लोकमानसात टिकून आहे. गुन्हा करणारी स्त्री ही ‘बाईच नव्हे’ अशी प्रतिक्रिया आपण आजही ऐकतो. पुरुष गुन्हेगाराविषयी तो ‘पुरुषच नव्हे’ असे कोणी म्हणत नाही.

*(आ) दडलेली गुन्हेगारी आणि दाक्षिण्य.* ऑटो पोलाक याने १९५० मध्ये असे मत मांडले की, स्त्रियांची गुन्हेगारी वस्तुतः कमी नाही. ती घराच्या आड दडलेली असते आणि पोलीस व न्यायाधीश स्त्रीदाक्षिण्यामुळे तिच्याकडे काणाडोळा करतात. या मताची पुढे कठोर चिकित्सा झाली. घराच्या आड सर्वाधिक दडते ती पुरुषांनी केलेली हिंसा, हे वर दिलेल्या सर्वेक्षणावरून दिसतेच. शिवाय दाक्षिण्य सर्व स्त्रियांच्या वाट्याला येत नाही. ‘चांगल्या घरातील’ स्त्रीला मिळणारी सवलत गरीब, एकट्या, भटक्या किंवा देहविक्रय करणाऱ्या स्त्रीला मिळत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, तेव्हा त्या जमातींतील स्त्रियांनाही त्यातून वगळले नव्हते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय मात्र उरला.

*(इ) सामाजीकरण आणि नियंत्रण.* मुलगी उशिरा घरी आली तर तिला कारण विचारले जाते. मुलगा उशिरा आला तर त्याच्यासाठी ताट झाकून ठेवले जाते. या साध्या घरगुती उदाहरणात सामाजिक नियंत्रणाचा सिद्धांत सामावलेला आहे. ट्रॅव्हिस हिर्शी याने १९६९ मध्ये असे प्रतिपादन केले की, माणसे गुन्हा का करतात यापेक्षा ती गुन्हा का करीत नाहीत हे विचारावे. आप्तांशी असलेले बंध आणि जबाबदाऱ्या माणसाला रोखतात. स्त्रियांवर हे बंध अधिक घट्ट असतात. मात्र हे नियंत्रण नेहमीच जिव्हाळ्यातून येत नाही. ते अनेकदा भीती, बदनामी आणि संचारबंदी यांतून येते. स्त्रियांची कमी गुन्हेगारी ही अंशतः त्यांच्या कमी स्वातंत्र्याची खूण आहे, ही गोष्ट विसरता कामा नये.

*(ई) मुक्ती आणि संधी.* १९७५ मध्ये अमेरिकेत फ्रेडा अ‍ॅडलर आणि रीटा सायमन यांची पुस्तके प्रसिद्ध झाली. स्त्रिया मुक्त होतील तसतशा त्या गुन्हेगारीतही पुरुषांची बरोबरी करतील, असे अ‍ॅडलर यांचे भाकीत होते. सायमन यांचा भर संधीवर होता : स्त्रिया कचेऱ्यांत व बँकांत आल्या म्हणजे अफरातफरीसारखे गुन्हे वाढतील, हिंसक गुन्हे मात्र वाढणार नाहीत. पुढील अनुभवाने अ‍ॅडलर यांचे भाकीत फारसे खरे ठरविले नाही. तुरुंगात येणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया सुशिक्षित आणि स्वावलंबी नसून निर्धन व अल्पशिक्षित असतात. त्यांना गुन्ह्याकडे मुक्तीने नेले नसून तिच्या अभावाने नेले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

*(उ) स्त्रीवादी दृष्टिकोन.* कॅरॉल स्मार्ट यांनी १९७६ मध्ये परंपरागत गुन्हेगारीशास्त्राची समीक्षा केली. या शास्त्राने पुरुषाला ‘माणूस’ मानले आणि स्त्रीला अपवाद, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. कॅथलीन डेली यांनी १९९०च्या दशकात स्त्रियांच्या ‘गुन्ह्याकडे नेणाऱ्या वाटां’चा अभ्यास केला. बालपणीचा छळ, घरातून पळून जाणे, हिंसक जोडीदार, व्यसन आणि दारिद्र्य या वाटेवरील खुणा पुन्हा पुन्हा दिसतात. अशा अनेक स्त्रियांच्या बाबतीत ‘पीडित’ आणि ‘आरोपी’ यांतील सीमारेषा पुसट असते.

*(ऊ) पुरुषत्वाचा विचार.* स्त्रिया गुन्हा का करतात या प्रश्नाच्या बरोबरीने पुरुष इतका अधिक गुन्हा का करतात, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. जेम्स मेसरश्मिट यांनी १९९३ मध्ये मांडल्याप्रमाणे, पुरुषत्व सिद्ध करण्याचे मान्य मार्ग—नोकरी, पैसा, प्रतिष्ठा—बंद झाले म्हणजे काही पुरुष हिंसेच्या मार्गाने ते सिद्ध करू पाहतात. ‘मुलीसारखा रडतोस काय?’ असे बजावून ज्याला दुःख व्यक्त करण्यापासून रोखले जाते, त्याच्यापुढे संतापाचीच वाट मोकळी राहते.

४.२.४ स्त्रीने स्त्रीवर केलेला अन्याय

‘स्त्रीच स्त्रीची शत्रू असते’ असे सर्रास म्हटले जाते. छळाच्या खटल्यांत सासू किंवा नणंद आरोपी असते, हा या म्हणण्याचा पुरावा मानला जातो. हे खटले खरेच असतात आणि त्यांतील जबाबदारी नाकारण्याचे कारण नाही. तथापि ‘शत्रुत्व’ हे त्याचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही. ज्या घरात स्त्रीला मालमत्ता नाही, उत्पन्न नाही आणि मुलाखेरीज दुसरा आधार नाही, तेथे वय वाढल्यावर तिला मिळणारी एकमेव सत्ता सुनेवरची असते. नवी सून ही त्या एकमेव आधारात वाटेकरी होऊन येते. कालची सून आजची सासू झाल्यावर आपण सोसलेलेच पुढे चालविते, ते या रचनेमुळे.

गर्भलिंगनिदानाच्या गुन्ह्यातही ही गुंतागुंत आढळते. महाराष्ट्राने या प्रकाराला आळा घालणारा कायदा १९८८ मध्ये, देशात सर्वप्रथम, केला. १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. या केंद्रीय कायद्यात एक लक्षणीय तरतूद आहे. अन्यथा सिद्ध होईपर्यंत, गर्भवती स्त्रीला पतीने किंवा नातेवाइकांनी चाचणीस भाग पाडले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते. सुरतच्या न्यायालयाने १८८१ मध्ये जे पाहिले नव्हते, ते पाहण्याचा प्रयत्न कायद्याने एका शतकानंतर केला.

४.२.५ न्यायव्यवस्था आणि लिंगभाव

महाराष्ट्रातील दोन प्रकरणांनी या विषयाला देशपातळीवर दिशा दिली.

पहिल्या प्रकरणात स्त्री पीडित होती. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने आरोपींची सुटका केली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुटका केली. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, यावर निकालात भर होता. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधी-प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. निमूट सोसणे म्हणजे संमती नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. त्यातून उभ्या राहिलेल्या देशव्यापी आंदोलनानंतर १९८३ मध्ये कायदा बदलला आणि कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र, अधिक गंभीर गुन्हा ठरला.

दुसऱ्या प्रकरणात स्त्री आरोपी होती. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबई मध्यवर्ती कारागृहातील स्त्री-बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. कोठडीत मारहाण झाल्याचे त्यांतील काही स्त्रियांनी सांगितले. बारसे यांच्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले. फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, तेथे महिला पोलिसांचा पहारा, महिला पोलिसांच्या उपस्थितीतच चौकशी आणि मोफत विधी-साहाय्य यांबाबत निर्देश दिले.

दोन्ही प्रकरणांतील ठिकाण एकच आहे : पोलीस कोठडी. तक्रारीच्या निमित्ताने गेलेली स्त्री आणि आरोपी म्हणून नेलेली स्त्री यांच्या वाट्याला आलेला अनुभव सारखा होता. यावरून ‘चांगली स्त्री’ आणि ‘गुन्हेगार स्त्री’ असा भेद करून एकीचेच हक्क जपता येत नाहीत, असा निष्कर्ष निघतो.

४.२.६ सामाजिक परिणाम

*(१) स्त्रियांच्या संचारावर मर्यादा.* बहुसंख्य गुन्हे पुरुष करतात. परंतु त्याची किंमत म्हणून बंधने स्त्रियांवर येतात. रात्रपाळी नाकारणे, दूरच्या महाविद्यालयात न पाठविणे, शिक्षण थांबवून लवकर विवाह लावून देणे, या निर्णयांमागे अनेकदा गुन्ह्याची भीती असते. शिक्षण अर्धवट राहिलेल्या ज्या स्त्रिया पुढे प्रौढ वयात दूरशिक्षणाकडे वळतात, त्यांच्यापैकी कित्येकींना हा परिणाम वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

*(२) कुटुंबावरील परिणाम.* पुरुष तुरुंगात गेला म्हणजे पत्नी घर चालविते, मुलांना शाळेत पाठविते, वकिलाचे पैसे उभे करते आणि भेटीच्या दिवशी तुरुंगाच्या दारात उभी राहते. स्त्री तुरुंगात गेली म्हणजे मात्र बहुधा घरच मोडते. अनेक स्त्री-बंद्यांना भेटायला कोणी येत नाही. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत चारपैकी तीन बंदी न्यायबंदी, म्हणजे दोष सिद्ध न झालेले, होते. जामीनदाराअभावी कोठडीत राहणाऱ्या स्त्रीची शिक्षा निकालापूर्वीच सुरू झालेली असते.

*(३) मुलांवरील परिणाम.* २०२२ च्या अखेरीस १,५३७ स्त्रिया आपल्या १,७६४ मुलांसह तुरुंगात होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ मधील निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते. त्याच्यासाठी आहार, आरोग्यसेवा आणि पाळणाघर यांची व्यवस्था करावी लागते. तुरुंगात जन्म झाल्यास जन्मनोंदीत तुरुंगाचे नाव येऊ नये, असेही निर्देश आहेत. परंतु सहा वर्षे पूर्ण झाल्यावर त्या मुलाला आई सोडून जावे लागते. ज्याने कोणताही गुन्हा केला नाही, त्याच्या वाट्याला आलेली ही शिक्षा आहे.

*(४) अल्पसंख्येचा तोटा.* स्त्री-बंदी संख्येने थोड्या असल्यामुळे स्वतंत्र महिला कारागृहेही मोजकीच आहेत. महाराष्ट्रात मुंबईतील भायखळा व पुण्यातील येरवडा येथे अशी व्यवस्था आहे. इतरत्र बहुतेक स्त्रिया पुरुषांच्या तुरुंगातील एका आवारात राहतात. पुरुष बंद्यांसाठी जी व्यवसाय-प्रशिक्षणे असतात, ती त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचतात. स्त्रियांनी कमी गुन्हे केले, म्हणून त्यांच्या वाट्याला कमी सुविधा आल्या, असा हा विपरीत न्याय आहे.

*(५) पुरुषांवरील परिणाम.* पुरुषाने आक्रमक असावे या अपेक्षेचे बळी पुरुषही असतात. हत्या, टोळीयुद्धे आणि दीर्घ कारावास यांत तरुण पुरुषांची आयुष्ये संपतात. शिवाय पुरुषाने आपल्यावरील अत्याचाराची तक्रार करणे हे दुबळेपणाचे लक्षण मानले गेल्याने त्यांचे दुःख नोंदीत येत नाही.

४.२.७ उपाययोजनांची दिशा

पुण्यात १८६३ मध्ये एका ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येच्या गुन्ह्यात काळ्या पाण्याची शिक्षा झाल्याची घटना जोतीराव फुले यांच्या मनाला लागली. त्यांनी आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांना तेथे गुप्तपणे बाळंत होता येत असे आणि मूल तेथेच ठेवून जाता येत असे. पुढे अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्यांनी दत्तक घेतले. १८७५ मध्ये पंढरपूर येथेही अशी संस्था सुरू झाली. शिक्षा अधिक कडक करण्याऐवजी गुन्ह्याकडे नेणारी वाटच बंद करणे, हे या कार्याचे सूत्र होते.

हेच सूत्र पुढील प्रयत्नांतही आढळते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पोलीस ठाण्याच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ता उपलब्ध झाला. न्या. कृष्ण अय्यर समितीने १९८७ मध्ये पोलीस दलात स्त्रियांचे प्रमाण वाढविण्याची शिफारस केली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने पीडित स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षण आदेश मिळवून दिला. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये स्वीकारलेल्या ‘बँकॉक नियमां’नी स्त्री-बंद्यांच्या वेगळ्या गरजांना आंतरराष्ट्रीय मान्यता दिली.

मात्र कायदा हा शेवटचा टप्पा असतो. मुलग्याला दुःख बोलून दाखविण्याची आणि मुलीला राग व्यक्त करण्याची मुभा देणारे घर, हा पहिला टप्पा होय.

४.३ सारांश

गुन्हेगारीत पुरुषांचे प्रमाण सर्वत्र अधिक असते. हा फरक केवळ जीवशास्त्राने स्पष्ट होत नाही. सामाजीकरण, नियंत्रण, संधी, दारिद्र्य आणि पुरुषत्वाच्या कल्पना यांचा त्यात मोठा वाटा असतो. स्त्री ही स्वभावतः सद्गुणी असते किंवा गुन्हा करणारी स्त्री अधिक दुष्ट असते, ही दोन्ही मते एकाच पूर्वग्रहाच्या दोन बाजू आहेत. गुन्ह्याची व्याख्या, नोंद, चौकशी आणि शिक्षा या प्रत्येक टप्प्यावर लिंगभावाचा प्रभाव पडतो. त्याचे परिणाम स्त्रियांचा संचार, कुटुंब, मुले आणि स्वतः पुरुष यांना भोगावे लागतात. स्त्री आणि पुरुष यांना एकाच मापाने मोजावे, ही ताराबाई शिंदे यांची मागणी होती. त्या मापात परिस्थितीचे वजनही धरले जावे, ही आजच्या अभ्यासाने तिला घातलेली भर आहे.

४.४ पारिभाषिक शब्द

*लिंगभाव* : स्त्री व पुरुष यांच्या वर्तनाविषयी समाजाने निर्माण केलेले संकेत व अपेक्षा.
*सामाजीकरण* : समाजाचे संकेत व मूल्ये व्यक्तीने आत्मसात करण्याची प्रक्रिया.
*न्यायबंदी* : ज्याच्यावरील खटला प्रलंबित आहे असा बंदी, बोलीत ‘कच्चा कैदी’.
*सिद्धदोष बंदी* : न्यायालयाने दोषी ठरवून शिक्षा दिलेला बंदी.
*दडलेली गुन्हेगारी* : प्रत्यक्ष घडलेले, परंतु शासकीय नोंदीत न आलेले गुन्हे.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक कोणत्या वर्षी प्रसिद्ध झाले?
२. ‘दडलेल्या स्त्री-गुन्हेगारी’चा सिद्धांत कोणी मांडला?
३. तुरुंगात आईजवळ मूल कोणत्या वयापर्यंत राहू शकते?

(आ) योग्य की अयोग्य ते सांगा.
१. गुन्ह्यांच्या नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढलेच, असे निश्चितपणे म्हणता येते.
२. हत्येच्या बळींमध्ये जगभरात पुरुषांचे प्रमाण अधिक असते.

*उत्तरे* : (अ) १. ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. २. हा सिद्धांत ऑटो पोलाक याने मांडला. ३. मूल सहा वर्षांपर्यंत आईजवळ राहू शकते. (आ) १. अयोग्य २. योग्य

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. गुन्हेगारीतील लिंगभाव-भेदाच्या कारणमीमांसेविषयीच्या कोणत्याही तीन दृष्टिकोनांचे मूल्यमापन करा.
२. ‘स्त्रीच स्त्रीची शत्रू असते’ या विधानाची समाजशास्त्रीय चिकित्सा करा.
३. १९८३ हे वर्ष स्त्रिया आणि न्यायव्यवस्था यांच्या संबंधात महत्त्वाचे का ठरते, ते सोदाहरण लिहा.

*क्षेत्रीय कार्य* : एका मराठी दैनिकातील गुन्हेविषयक बातम्या पंधरा दिवस वाचा. आरोपी स्त्री असताना आणि पुरुष असताना मथळ्यांत कोणते शब्द वापरले जातात, आरोपीचा वैवाहिक दर्जा, पेहराव किंवा चारित्र्य यांचा उल्लेख कोणाच्या बाबतीत होतो, याची तक्त्यात नोंद करा आणि आपले निष्कर्ष दोन पानांत लिहा.